दगडाचं दूध

ही गोष्ट घडलेली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण यात तिखटमीठ लावलेलं काही नाही. जिच्या बाबतीत घडली ती बाई आजही आहे. हिंडती-फिरती आहे, हसती-बोलती आहे.

फक्त झोपताना हातमोजे घालते.

भुताची गोष्ट म्हटली की सगळ्यांना रात्र हवी असते. इथे रात्र नव्हती. भर दुपार होती, दुकान बंद ठेवायचा दिवस होता. रस्त्यावर माणसं होती. समोरच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. आणि कुलूप लावलेल्या दुकानाच्या मागच्या खोलीतून आवाज येत होता...

सर्र... सर्र... टक्.

तो आवाज कशाचा हे कळण्यासाठी आधीचं थोडं सांगावं लागेल.

त्या बाईला आपण ताई म्हणू. तिचा धाकटा भाऊ म्हणतो तसंच. त्यांच्या बाबांचं केशकर्तनालय होतं. लहानसंच. तीन खुर्च्या, एक लांब आरसा, मागे एक खोली. सगळीकडे आता अर्ध्या ब्लेडवर दाढी होते. एक गिऱ्हाईक, एक ब्लेड, टाकून दिलं. बाबांकडे मात्र खरे वस्तरे होते. घडीचे, पोलादी, पिढीजात. त्या वस्तऱ्यांसाठी लोक दोन बस बदलून यायचे.

आणि वस्तऱ्यांचा जीव होता मागच्या खोलीतल्या दगडात.

दगड पिवळसर, जुन्या साबणाच्या वडीसारखा. आजोबांनी कुठल्याशा खाणीवरून आणलेला. त्याच्या एका कोपऱ्याला चौकोनी खाच होती. त्या खाचेतून कापून काढलेला, काडेपेटीएवढा तुकडा म्हणजे पिल्लू. दगडावर पाण्याचे काही थेंब टाकायचे आणि पिल्लू गोल गोल घासायचं. दाट, पांढुरकं पाणी सुटतं. बाबा त्याला दूध म्हणायचे. खरी धार लावतं ते दूध. त्यातले बारीक कण पोलाद खात जातात, म्हणून दूध हळूहळू राखाडी होतं. मग थेंबाथेंबानं पाणी घालून ते पातळ करत न्यायचं. दूध जितकं पातळ, तितकी धार तलम. शेवटी नुसतं पाणी, आणि त्यानंतर चामड्याचा पट्टा.

पिल्लाऐवजी दुसरा दगड चालत नाही. धाकट्यानं एकदा तो उद्योग करून पाहिला होता. दूध सुटलं, पण त्यात भरड कण होते. पात्याला दातरे पडले आणि एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीची चाळण झाली.

"परका दगड लावलास त्याला?" बाबा गरजले होते. "पिल्लू काय कानात घालायला ठेवलंय?"

पुढे बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. कैचीचं काम धाकट्यानं उचललं. दाढ्याही तोच करू लागला. त्याचा हात हलका होता, पण धार लावणं त्याला कधी जमलं नाही. घाई करायचा, वस्तऱ्याची पाठ दगडावरून उचलायचा.

धार ताईच्या हातात उतरली होती. लहानपणी बाबांशेजारी बसून बसून.

तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडे. रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ती मागच्या दारानं यायची. मधलं दार लावून घ्यायची. सगळे वस्तरे दगडावरून काढायची आणि आली तशी निघून जायची. पुढे बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसलेले.

"बाबा, या वयातही काय हात आहे हो तुमचा!" गिऱ्हाइकं म्हणायची.

"हात आहे, बाबांनो, हात," असं म्हणत बाबा मिशीवरून बोट फिरवायचे. थरथरणारा हात चादरीखाली.

कधी उशीर झाला की हे सगळं ताईला बंद दाराआडून ऐकू यायचं. ती पदर तोंडावर धरून हसायची. तिला वाईट वाटायचं नाही, कारण बाबांनी तिला शब्द दिला होता.

"हा दगड तुझा. मी गेलो की तू इथे बस. आणि हे मधलं दार सताड उघडं ठेव. बघू दे सगळ्यांना."

तिला एवढंच हवं होतं. दगड, आणि ते दार उघडं.

बाबा गेले. थोडे दिवस गेल्यावर धाकटा तिच्या घरी आला. हातात एक लहानशी कापडी पुरचुंडी होती. खुर्चीत बसला, पुन्हा उठला, पाणी मागितलं, प्यायला नाही.

"ताई, बाबा शेवटी शेवटी बोलले होते माझ्याशी."

"काय?"

"दुकान मला दिलं म्हणाले. खुर्च्या, वस्तरे... दगडसुद्धा. म्हणाले, दगड दुकानाचा आहे, दुकानातच राहू दे."

ताईनं त्याच्या हातातल्या पुरचुंडीकडे बघितलं.

"आणि मी?"

त्यानं पुरचुंडी पुढे केली. "हे तुला द्यायला सांगितलं. आठवण म्हणून."

आत पिल्लू होतं.

"बाबा असं बोलूच शकत नाहीत," ताई म्हणाली. "तुला बायकोनं पढवलं का हे?"

"तिचा काय संबंध? माझ्या कानांनी ऐकलंय मी."

"केसानं गळा कापलास रे माझा. धंद्याला शोभेल असाच कापलास. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालतोस?"

"ताई, शपथेवर सांगतो..."

"ऊठ. जा. पण एक लक्षात ठेव, पिल्लाशिवाय तो दगड म्हणजे नुसती वीट आहे. धार गेली की येशील इथेच. तेव्हा आधी खरं बोल, मग पिल्लू माग."

तो गेला. ताईनं पिल्लू पुन्हा कापडात बांधलं, गाठ मारली आणि शयनघरातल्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवलं. शेजारी तिचा स्वतःचा वस्तरा होता. ती शिकत असताना बाबांनी तिला दिलेला, मुठीला चीर गेलेला. कित्येक वर्षांत त्याला धार लागलेली नव्हती. सगळ्या दुकानाचे वस्तरे लावता लावता हा तेवढा राहूनच गेला होता.

ती वाट बघू लागली.

धार न लावता वस्तरे किती तग धरतील? दिवसाला इतक्या दाढ्या. पट्ट्यावर फिरवून थोडे दिवस निभावेल. मग केस ओढायला लागतील, गिऱ्हाइकं कुरकुर करतील. दाराची घंटा वाजली की ती केस नीट करून जायची.

धाकटा आला नाही.

"अगं, ब्लेड आणली असतील त्यानं," तिचा नवरा म्हणाला. तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायचा. घरात कशाचंही कारण शोधून काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "तू उगाच घंटेकडे डोळे लावून बसलीयस. कालसुद्धा दूधवाल्याला बघून तुझा चेहरा पडला. बिचाऱ्याला वाटलं, दूध नासलं."

आणि एक दिवस तिला बसथांब्यावर मास्तर भेटले. बाबांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्यांची त्वचा अशी की जरा बोथट पातं लागलं तरी आठवडाभर गालावर पुरळ. दुकानातल्या धारेची परीक्षा त्यांच्याच गालावर व्हायची.

ताईनं आधी गालाकडे बघितलं.

लख्ख. ना लाली, ना ओरखडा.

"काय मास्तर, हल्ली दाढी कुठे करता?"

"हे काय विचारणं झालं? तुमच्याकडेच. कालच केली." त्यांनी गालावरून हात फिरवला. "तुझ्या भावाची कमाल आहे हं. बाबा गेल्यावर मी तर दाढी वाढवायच्या तयारीत होतो. बायको म्हणाली, साधू व्हायचं तर भांडी घासून मग व्हा. पण धार आहे तशीच आहे. उलट जरा चढच. अगदी बाबांच्या ऐन उमेदीतली."

बस आली. मास्तर चढले. ताई तिथेच उभी.

पिल्लू तिच्या कपाटात होतं.

ती तडक दुकानात गेली. गर्दी नव्हती. धाकटा आरसा पुसत होता. आरशात तिला बघून त्याचा चेहरा एकदम उजळला.

"ये ना ताई! मी येणारच होतो तुझ्याकडे, पण तोंड दाखवायला धजत नव्हतो. तू एवढी रागावलीस, तरी हे सगळं करतेस..."

"काय करते?"

"आता काय लपवतेस? मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडेच आहे की. सकाळी उघडतो तर वस्तरे तयार. दगड ओला. पहिल्या दिवशी मी अक्षरशः रडलो, ताई. म्हटलं, मी काही म्हटलं तरी बहीण ती बहीण."



तिनं एक वस्तरा उचलला. खिडकीपाशी नेला. पातं उजेडात तिरकं धरलं.

धार अखंड होती. पण मुठीकडची बाजू जरा जास्त खाल्लेली होती. इतकी किंचित की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. ताईचा दाब सगळ्या पात्यावर सारखा असायचा. मुठीकडे अंगठा रेटायची खोड एकाच माणसाला होती.

तिनं दुसरा वस्तरा बघितला. तिसरा.

सगळे तसेच.

"काय गं? काही चुकलं का?"

"काही नाही," ताई म्हणाली. तिनं वस्तरे होते तसे ठेवून दिले.

त्याच आठवड्यात, दुकान बंद असायच्या दिवशी, ती दुपारी गेली. धाकटा बायकोला घेऊन गावाबाहेर गेला होता. ताईनं मागचं दार उघडलं. मागच्या खोलीत कुणी नव्हतं. दगड लाकडी पेटीत, कोरडा ठणठणीत. वर भुरकट साय वाळलेली. ती खोलीतून पुढे गेली, मधलं दार लावून घेतलं आणि बाबांच्या खुर्चीत बसली. बाबा बसायचे तशी.

आरशात ते मधलं दार दिसत होतं.

बराच वेळ काही झालं नाही. गॅरेजमध्ये पत्रा ठोकत होते. रस्त्यावरून एक बाई मुलाला रागावत गेली. ताईला स्वतःचंच हसू आलं. भर दुपारी आपण इथे राखणीला बसलोय!

पत्र्याचा आवाज थांबला.

आणि मग...

पाण्याचे थेंब. दगडावर. एक... एक... एक.

मग गोल गोल घासल्याचा दबका आवाज. पिल्लू फिरवताना येतो तो.



सर्र... सर्र... टक्.

ते टक् दुसऱ्या कुणाचं नव्हतं. दोन हात मारले की वस्तऱ्याची पाठ दगडाच्या कडेवर आपटून पाणी झटकायची बाबांची लकब. ताईनं तसं केलं की ओरडायचे, आणि स्वतः मात्र जन्मभर तेच करत आले.

सर्र... सर्र... टक्.

थरथर अजिबात नव्हती. हात बसलेला होता.

ताईला भीती वाटायला हवी होती. पण तिला रडू आलं. आनंदानं. बाबा आलेत. बाबांना कळलंय, धाकट्यानं काय केलं ते. म्हणून आलेत.

"बाबा?" ती म्हणाली.

आवाज थांबला.

"बाबा, मी आहे. ताई."

शांतता. दाराआड कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी...

आणि मग, जणू कुणी काही बोललंच नव्हतं...

सर्र... सर्र... टक्.

ती उठली. दार ढकललं.

खोली रिकामी.

दगड ओला होता. त्यावर दूध होतं, नुकतंच राखाडीकडे झुकलेलं. वस्तरा दगडावर आडवा, पात्यावरून एक थेंब ओघळत होता. ताईनं नकळत बोट दुधात बुडवलं आणि दोन बोटांत चोळून बघितलं. लोण्यासारखं मऊ. एकही भरड कण नाही.

असं दूध एकाच तुकड्यानं सुटतं. आणि तो तुकडा दोन गल्ल्या पलीकडे, तिच्या कपाटात होता.

ती धावत घरी आली. कपाट उघडलं. पुरचुंडी जागेवर. गाठ तिनं मारली तशीच.

कापड ओलं होतं.

तिनं गाठ सोडली. पिल्लू भिजलेलं. कडांना दुधाचा ओला थर. आणि काडेपेटीएवढं पिल्लू आता तिच्या अंगठ्याएवढंच राहिलं होतं.

नवऱ्यानं अर्थातच कारण शोधलं. "भिंतीला ओल असेल. असले दगड हवेतला ओलावा धरतात."

दगड ओलावा धरतात हे खरं. त्यानं भिंत तपासली, मागचा नळाचा पाइप तपासला. भिंत कोरडी निघाली. आणि ओलावा धरून दगड झिजत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. 

ताईनं फळीवर पसरलेल्या कागदावर पिल्लू ठेवलं आणि पेन्सिलीनं त्याच्या कडेकडेनं रेघ ओढली.

सकाळी पिल्लू रेघेच्या आत होतं. चहूबाजूंनी कागदाची कोरी पट्टी दिसत होती.

तिनं नवी रेघ ओढली. दुसऱ्या सकाळी तिच्याही आत.

म्हणजे ते रोज येत होते. तिच्या घरात. ती झोपलेली असताना, तिच्या उशाशी असलेल्या कपाटापर्यंत. पिल्लू उचलायचे, धाकट्याचे वस्तरे लावायचे, पिल्लू परत आणून ठेवायचे. एकदाही तिला उठवावं, हाक मारावी, असं त्यांना वाटलं नव्हतं.

तरीही ताईनं आशा सोडली नाही. माणूस बापाच्या बाबतीत किती चिवट असतो!

त्या संध्याकाळी तिनं आपला तो मुठीला चीर गेलेला वस्तरा उघडला. पात्यावरून बोट फिरवलं. साधा कागदही कापला नसता त्यानं. तो तिनं पिल्लाला अगदी खेटून, आडवा ठेवला. म्हणजे पिल्लू घ्यायचं तर आधी वस्तरा हातात यायलाच हवा.

"बाबा," ती कपाटाला म्हणाली, "एवढा एक. बाकी काही मागत नाही."

सकाळी तिनं कपाट उघडलं.

पिल्लू आणखी लहान झालं होतं. ओलं होतं.

वस्तरा जागेवर नव्हता. तो फळीच्या पार टोकाला होता.

तिनं उचलला. बोट फिरवलं.

बोथट. कोरडा. मुठीवर दुधानं माखलेल्या एका बोटाचा ठसा होता, बस्स. वाटेत आलेली वस्तू बाजूला सारताना उमटावा तसा.

ताई पलंगावर बसली. तिला धाकट्याची शपथ आठवली. हातात पुरचुंडी घेऊन उभा असलेला, पाणी मागून न प्यायलेला धाकटा. तो खरं बोलत होता. पहिल्यापासून खरं बोलत होता. तोंडाला पानं पुसली होती ती दुसऱ्याच कुणी. ते दार सताड उघडं ठेव म्हणताना, त्या माणसाला ठाऊक होतं का, की ते कधीच उघडायचं नाहीये?

तिनं धाकट्याची माफी मागितली. काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "वेडी आहेस का? ये ना दुकानात. उघडपणे बस."

"वस्तऱ्यांना धार आहे ना?"

"आहे की. फर्स्ट क्लास."

"मग मी कशाला?"

पिल्लू वाटाण्याएवढं झालं. मग मिऱ्याएवढं. एका सकाळी कागदावर फक्त रेघा होत्या, एकात एक, आणि मधोमध एक ओला ठिपका.

ताईला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. संपलं एकदाचं. आता दूध सुटणार नाही. आता वस्तरे बोथट होतील, धाकटा येईल, ती जाईल, दार उघडं ठेवून बसेल. बाबांनी दिलं नाही ते आपलं आपण घेईल.

आठवडा गेला. धाकट्याचा फोन आला नाही. शेवटी तिनंच केला.

"वस्तरे कसे आहेत?"

"काय विचारतेस! मास्तर म्हणत होते, इतकी तलम धार आजवर नव्हती. रेशीम म्हणाले, रेशीम."

ताईनं फोन ठेवला. स्क्रीन पुन्हा उघडायला अंगठा टेकवला.

फोननं अंगठा ओळखला नाही.

तिनं पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा. दुसरं बोट लावून बघितलं.

मग ती खिडकीपाशी गेली. पातं धरायची तसा हात उजेडात तिरका धरला.

उजव्या हाताच्या बोटांवर रेषा नव्हत्या. टोकं गुळगुळीत झाली होती, साबणाच्या वडीसारखी. दुखत नव्हती. नखांच्या कडांना मात्र काहीतरी पांढुरकं वाळलेलं होतं...

डॉक्टर म्हणाले, साबणाची ॲलर्जी. मलम दिलं. नवऱ्यानं जाड सुती हातमोजे आणले आणि रोज झोपताना तोच मनगटावर नाडी बांधून देतो. काही विचारत नाही. सकाळी तोच सोडतो.

डावा मोजा कोरडा असतो. उजवा ओला.

दुकान उत्तम चाललंय. धाकट्यानं चौथी खुर्ची घेतली. मागच्या खोलीचं दार तो लावूनच ठेवतो. म्हणतो, का कोण जाणे, ते उघडं ठेवलं की आत कुणालातरी आवडत नाही असं वाटतं.

ताईनं तो चीर गेलेला वस्तरा आता उशाशी ठेवलाय. रोज डावा मोजा सुटला की, उजवा सोडायच्या आधी, डाव्या हाताचं बोट त्याच्या पात्यावरून फिरवते.

अजून बोथटच आहे.